रोग्यास विचारावें कसें?

रोग्याची परीक्षा पाहून, स्पर्श करून व विचारून अशा तीन प्रकारांनीं करावी, असें आयुर्वेदाच्या आचार्यांनीं फार पूर्वींच सांगून ठेविलें आहे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न हीं त्यांचीं नांवें वाग्भटाच्या ग्रंथांत येतात. या तिघांपैकीं पहिल्या दोघांचें भाग्य अलीकडे फार उजळलें आहे. वैद्याचे डोळे पूर्वीं कातडीपाशीं थांबत. आतां ते क्ष-किरणांच्या व सोनोग्राफीच्या साहाय्यानें थेट आंतड्यापर्यंत पोंचतात. बोटांस जें कळत नसे तें रक्ताच्या तपासणीनें आंकड्यांत उतरतें. तिसरा बिचारा प्रश्न मात्र एकत्र कुटुंबांतील धाकट्या सुनेसारखा आहे. काम सर्वांचें करतो, पण त्याचें नांव कोणी घेत नाहीं. डॉक्टरांकडून परत आलेल्या मनुष्यास आपण "काय तपासण्या सांगितल्या?" असें विचारतों, "काय काय विचारलें?" असें कोणी विचारीत नाहीं.

वास्तविक या धाकट्या सुनेवरच घर चाललें आहे. इंग्लंडांतील हॅम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. १९७५ मध्यें एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत नव्यानें आलेल्या ८० रोग्यांचें निदान टप्प्याटप्प्यानें लिहून ठेविलें: पाठविणाऱ्या डॉक्टराचें पत्र वाचून व रोग्याची हकीकत ऐकून काय वाटलें, अंग तपासल्यावर काय वाटलें, आणि तपासण्यांचे निकाल आल्यावर काय ठरलें. ८० पैकीं ६६ रोग्यांच्या बाबतींत हकीकतीनंतर लिहिलेलें निदान शेवटपर्यंत टिकलें. अंग तपासल्यामुळें निदान बदललें तें ७ जणांचें, आणि प्रयोगशाळेमुळें बदललें तें दुसऱ्या ७ जणांचें. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत यंत्रें पुष्कळ सुधारलीं हें खरें. तथापि कोणतें यंत्र कोणत्या अवयवावर लावावयाचें हें अजूनही रोग्याच्या तोंडचे शब्दच ठरवितात.

मग हे शब्द रोग्याच्या तोंडून नीट बाहेर यावेत कसे? हा विषय केवळ डॉक्टरांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे पहिला प्रश्न घरचींच माणसें विचारतात, दवाखान्यांत रोग्याच्या शेजारीं तींच बसतात, आणि पुष्कळ वेळां रोग्याच्या वतीनें उत्तरेंही तींच देतात. यांतील शेवटची गोष्ट किती महागांत पडूं शकते, याचें एक उदाहरण सांगतों.

आमच्या माहितीच्या एका घरांत साठी उलटलेल्या एक काकू आहेत. त्यांना कांहीं दिवस बरें वाटेना, म्हणून मुलगा व सून त्यांस घेऊन डॉक्टरांकडे गेलीं. डॉक्टरांनीं "काय होतंय?" असें विचारतांच मुलगा म्हणाला, "आईला पित्ताचा जुना त्रास आहे." सुनेनें पुस्ती जोडली, "उपवास फार करतात, आणि जेवणाची वेळ म्हणून पाळत नाहींत." डॉक्टरांनीं काकूंकडे पाहून विचारलें, "छातींत जळजळ होते ना?" काकू म्हणाल्या, "होतं खरं तसंच कांहींसं." पित्ताचीं औषधें सुरू झालीं आणि दोन महिने चाललीं. पुढें काकू भाच्याकडे गेल्या असतां तेथील डॉक्टरांनीं भाच्याला जरा बाहेर बसविलें आणि म्हटलें, "काकू, तुम्हांला काय होतं तें तुमच्याच शब्दांत सांगा." काकू क्षणभर गप्प राहिल्या. डॉक्टरही गप्प राहिले. मग त्या म्हणाल्या, "देवळाचा चढ चढूं लागलें कीं इथं कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं होतं. जरा उभी राहिलें कीं जातं. जेवून निघालें तर लवकर होतं." असें म्हणून त्यांनीं छातीच्या मध्यावर मूठ ठेविली.

हृदयाच्या रक्तवाहिनींत अडथळा होता. वेळेवर कळलें म्हणून काकू आज पुन्हां देवळांत जातात. या हकीकतींत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, "पित्त" हा शब्द काकूंचा नव्हताच. तो मुलाचा होता. "जळजळ" हाही शब्द त्यांचा नव्हता. तो डॉक्टरांचा होता. काकूंचा शब्द होता "पाटा", आणि तो दोन महिने त्यांच्या तोंडांतच राहिला.

चढण चढतांना, विशेषतः जेवणानंतर, छातींत दाटून येणें व उभें राहतांच थांबणें, हें हृच्छूलाचें लक्षण इंग्लंडांतील विल्यम हेबर्डन या वैद्यानें इ. स. १७६८ मध्यें लंडनच्या वैद्यमंडळीपुढें वाचलें आणि तें १७७२ मध्यें छापून निघालें. छातीस लावून ऐकण्याची नळी लेनेक या फ्रेंच वैद्यानें काढली ती १८१६ मध्यें. म्हणजे हेबर्डनपाशीं नळीसुद्धां नव्हती. हृदयाचा विद्युत्-आलेख तर शंभराहून अधिक वर्षें दूर होता. त्याच्यापाशीं होते ते आपल्या रोग्यांचे शब्द. आणि आजही विसाव्याच्या वेळीं काढलेला हृदयाचा आलेख अशा रोग्याच्या बाबतींत पुष्कळदां निर्दोष दिसतो. हकीकत मात्र खोटें बोलत नाहीं.

तेव्हां विचारणाराचा पहिला धर्म हा कीं, आरंभीं रोग्यास बोलूं द्यावें. ही गोष्ट ऐकावयास सोपी वाटते. आचरणांत ती किती विरळ आहे हें बेकमन व फ्रँकेल या अमेरिकन संशोधकांनीं १९८४ मध्यें दाखविलें. डॉक्टर-रोग्यांच्या ७४ भेटींचें त्यांनीं ध्वनिमुद्रण तपासलें. रोग्यानें बोलण्यास आरंभ केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्येंच बोलला होता, आणि आपलें पहिलें निवेदन पुरें करावयास मिळालें होतें तें चौघांपैकीं एकासही नाहीं. १९९९ मध्यें असाच अभ्यास पुन्हां झाला तेव्हां १८ चे २३ सेकंद झाले होते. पंधरा वर्षांत पांच सेकंदांची प्रगति!

डॉक्टरांची बाजू अशी कीं, बाहेर पन्नास माणसें ताटकळत बसलीं आहेत. एकेकास मोकळें सोडलें तर तो आपल्या आजोबांपासून आरंभ करील. ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्हीं म्हणणार नाहीं. परंतु ती वाजवीपेक्षां मोठी आहे. स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ३३५ रोग्यांस मुळींच न अडवितां बोलूं दिलें आणि घड्याळ लावून पाहिलें. रोगी आपण होऊन थांबले ते सरासरी ९२ सेकंदांनीं. शंभरांतील ७८ जण दोन मिनिटांच्या आंत थांबले, आणि पांच मिनिटांहून अधिक बोलणारे निघाले अवघे सात. दीड मिनिट म्हणजे आपल्या घरीं चहा गाळून कपांत ओतावयास लागतो तेवढा वेळ. तेवढा वेळ ज्यानें दिला नाहीं, त्यास पुढें दोन महिने पित्ताचीं औषधें द्यावीं लागतात.

रोग्याचें बोलणें थांबल्यावरही लगेच दुसरा प्रश्न टाकूं नये, जरा थांबावें. काकूंच्या बाबतींत त्या क्षणभराच्या मौनानेंच काम केलें. पुष्कळ माणसें, विशेषतः मर्यादेंत वाढलेलीं, मुख्य गोष्ट शेवटीं सांगतात. कांहीं तर उठतां उठतां, हात दाराच्या कडीस लागल्यावर म्हणतात, "आणखी एक होतं, पण राहूं दे." अनुभवी डॉक्टर अशा वेळीं लेखणी खालीं ठेवितो आणि त्यास पुन्हां बसावयास सांगतो.

आतां प्रश्नाच्या रचनेविषयीं. आम्हीं आयुष्यभर मुलांस व्याकरण शिकविलें, तेव्हां या बाबतींत दोन शब्द अधिकारानें सांगितल्यास वाचक क्षमा करतील. प्रश्न हा केवळ उत्तर मागतो असें नाहीं. तो उत्तरास वळणही देतो. आपल्या बोलण्यांत "ना" या एका अक्षराचा केवढा प्रभाव आहे पाहा. "ताप नाहीं ना?" या प्रश्नाचें उत्तर "नाहीं" असेंच येणार. "भूक लागते ना?" याचें उत्तर "हो" असेंच येणार. विचारणारानें उत्तर आधींच तयार करून रोग्याच्या हातांत ठेविलें. रोग्यानें तें भिडेपोटीं परत केलें. मोठ्या माणसास "नाहीं" म्हणून तोंडावर खोडून काढणें आपल्या संस्कारांत बसत नाहीं, आणि डॉक्टर हा रोग्याच्या दृष्टीनें मोठाच मनुष्य असतो. म्हणून "ना" चे प्रश्न दवाखान्याच्या उंबरठ्याबाहेरच ठेवावेत. "भूक कशी आहे?" असें विचारलें तर रोग्यास स्वतः विचार करून बोलावें लागतें.

हा व्याकरणाचा सूक्ष्म भेद किती परिणामकारक असतो याचाही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेंत हेरिटेज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ मध्यें २० कुटुंब-वैद्यांकडून २२४ रोग्यांवर तो केला. रोग्यानें पहिली तक्रार सांगितल्यावर कांहीं वैद्यांनीं "समथिंग" हा शब्द घालून आणखी सांगावयाचें आहे का असें विचारावें, व कांहींनीं त्याच वाक्यांत "एनिथिंग" घालावा, असें ठरलें. इंग्रजींत पहिल्या शब्दाचा कल होकाराकडे आणि दुसऱ्याचा नकाराकडे असतो. एवढ्या एका शब्दानें न सांगितल्या गेलेल्या तक्रारींचें प्रमाण ७८ टक्क्यांनीं घटलें, आणि भेटीचा वेळ कांहीं वाढला नाहीं. आपल्या भाषेंत "आणखी कांहीं नाहीं ना?" आणि "आणखी काय काय सांगावयाचें आहे?" यांत हेंच अंतर आहे. पहिल्या वाक्यानें दार लोटलें जातें, दुसऱ्यानें तें उघडतें.

दुसरा दोष जोडप्रश्नांचा. "ताप, खोकला, उलटी, जुलाब असं कांहीं होतं का?" असें एका दमांत विचारलें म्हणजे रोगी शेवटच्या शब्दाचें उत्तर देतो आणि बाकीचे तिघे सुटतात. एका वेळीं एक गोष्ट विचारावी. तिसरा दोष "कां" चा. "इतके दिवस कां आलां नाहीं?" हा व्याकरणानें प्रश्न असला तरी अर्थानें आरोप आहे, आणि आरोपापुढें मनुष्य समर्थन करतो, माहिती देत नाहीं. त्याऐवजीं "आजच यावंसं कशामुळं वाटलं?" असें विचारलें तर रोग्याची खरी धास्ती बाहेर येते. कदाचित् शेजारचा मनुष्य त्याच दुखण्यानें गेलेला असतो, आणि हा त्या भीतीनें तीन रात्री झोंपलेला नसतो.

रोग्यानें आपली हकीकत सांगून झाल्यावर मग नेमक्या प्रश्नांचें कार्य सुरू होतें. येथें शाळेंतील विभक्त्या उपयोगी पडतात. दुखतें कोठें, ही सप्तमी. कळ कोठून निघून कोठवर जाते, ही पंचमी. कशानें वाढतें व कशानें थांबतें, ही तृतीया. यांस कसें, किती, केव्हांपासून व सोबत आणखी काय, एवढीं प्रश्नपदें जोडलीं म्हणजे कोणत्याही वेदनेची जन्मपत्रिका तयार होते. सुश्रुतानेंही सूत्रस्थानांत पांच ज्ञानेंद्रियांनीं होणारी परीक्षा सांगून सहावी प्रश्नपरीक्षा म्हणून वेगळी गणली आहे. देश, काळ, रोग्यास काय मानवतें, रोगाची उत्पत्ति, वेदनेची वाढ, बळ, भूक, मलमूत्राची प्रवृत्ति या गोष्टी विचारूनच कळतात असें तो म्हणतो. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी जी प्रश्नावली पाठ करतो ती हिच्याहून फारशी निराळी नाहीं.

परंतु रोग्याचा शब्द आणि विचारणाराचा अर्थ एकच आहे असें कधींही गृहीत धरूं नये. "चक्कर येते" हें वाक्य घ्या. कोणाचें सभोंवतालचें घर गरगर फिरतें. तेथें बहुधा कानाच्या आंतील भागाकडे पाहावें लागतें. कोणास एकदम उठल्यावर डोळ्यांपुढें अंधारी येते. तेथें रक्तदाब मोजावा लागतो. कोणाचें डोकें स्वस्थ असतें, पण चालतांना तोल जातो. त्याचें कारण पायांच्या नसांत किंवा मेंदूंत असूं शकतें. तिघेही "चक्कर" म्हणतात. "चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?" हा एक प्रश्न न विचारल्यास तिघांस एकच गोळी मिळते. हाच न्याय "पित्त", "वात", "गॅस" व "अशक्तपणा" यांस लावावा. हे शब्द तक्रारी नव्हत. हीं घरांत बसून केलेलीं निदानें आहेत. आपली मराठी या बाबतींत श्रीमंत आहे. ठणका, कळ, चमक, शिवशिव, जळजळ, दडपण, आवळणें, मुंग्या, बधिरपणा, कसकस, हुडहुडी, धाप, धडधड, मळमळ, ढवळणें, भोवळ, अंधारी, इतके शब्द घरांत असतां सर्व दुखण्यांस एक "गॅस" पुरवावा हें शोभत नाहीं. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांचें हृदयाचें दुखणें तर पुष्कळदां छातींत दुखण्यावांचून, केवळ धाप, घाम, मळमळ किंवा न समजणारा थकवा या रूपानें येतें. तेथें "गॅस" हा शब्द प्राणावर बेततो.

रोग्याच्या "कांहीं नाहीं" या उत्तरावरही विसंबूं नये. "कोणतीं औषधं घेतां?" "कांहीं नाहीं." पुढें एकेक नांव घेऊन विचारलें म्हणजे सकाळचा काढा, रात्रीचें चूर्ण, गुडघ्यासाठीं दुकानांतून परस्पर आणलेली गोळी व डोळ्यांत घालावयाचे थेंब, एवढें निघतें. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर पोटास व मूत्रपिंडास बाधतात, आणि काचबिंदूचे कांहीं थेंब दमेकऱ्यास धाप लावतात. म्हणून यांतलें एकही वगळून चालत नाहीं. "तंबाखू खातां का?" "छे!" पण मिश्री लावणें व तपकीर ओढणें हें आजीच्या मतें तंबाखूंत येत नाहीं. तसेंच व्यवसायाचें. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यानें १७०० मध्यें कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्यास "तुझा धंदा कोणता?" हें अवश्य विचारावें असें सांगितलें. आपल्याकडे जुनाट खोकल्याची स्त्री या प्रश्नास उत्तर देते, "कांहीं नाहीं, घरींच असतें." त्या "घरींच" या शब्दांत तीस वर्षांचा चुलीचा धूर सांठलेला असतो, आणि त्या धुरानेंही विडीसारखीच फुफ्फुसें झिजतात.

आतां सर्वांत नाजूक भागाकडे येतों. स्त्रियांच्या कित्येक तक्रारींस आपल्या घरांतून नांवच नाहीं. आहेत त्या सांकेतिक संज्ञा. "बाहेर बसणें", "कावळा शिवणें", "अंगावरून जाणें" अशा आडपडद्याच्या शब्दांनीं पिढ्यांनीं काम चालविलें. पुरुष वैद्यापुढें आपलें दुखणें उघड करण्यापेक्षां हिंदु स्त्रिया मरण पत्करतात, या आशयाचें वाक्य आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ मध्यें फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाकडे केलेल्या अर्जांत लिहिलें होतें. १८८६ मध्यें त्या पदवी घेऊन उत्तीर्ण झाल्या, आणि १८८७ च्या आरंभीं पुण्यास क्षयानें वारल्या. १८८६ सालींच मुंबईस स्त्री-डॉक्टरांच्या हातचें कामा रुग्णालय सुरू झालें. त्यानंतर शंभर वर्षें लोटलीं. स्त्री-डॉक्टर गांवोगांव झाल्या. तरी डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्यें "लॅन्सेट" मध्यें जें प्रसिद्ध केलें, तें वाचून मान खालीं जाते. सुमारें ९२ टक्के स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत आठही नव्हत्या. रोग होता, विचारणारें कोणी नव्हतें.

गडचिरोलींतील गांवें दूर आहेत, तीं अशिक्षित आहेत, असें म्हणून सुशिक्षित घरांनीं सुटका करून घेऊं नये. आमच्या घरांतील सून डॉक्टरांपुढें बसते तेव्हां एका बाजूस सासूबाई व दुसऱ्या बाजूस यजमान असतात. डॉक्टर विचारतात तिला. उत्तर येतें उजवीकडून किंवा डावीकडून. हें सर्व प्रेमानें होतें, म्हणूनच तें सुधारणें कठीण जातें. पाळीविषयीं, गर्भपाताविषयीं, नवऱ्याच्या वागणुकीविषयीं, किंवा रात्रीं उगाच रडूं येतें याविषयीं ती त्या तिघांमध्यें बसून काय बोलणार? पाळी थांबून वर्षें झालेल्या आजींस पुन्हां रक्त दिसलें, तर ती गोष्ट त्याच आठवड्यांत डॉक्टरांस सांगितली पाहिजे, कारण तें गर्भाशयाच्या कर्करोगाचें पहिलें चिन्ह असूं शकतें. पण नातू शेजारीं बसला असतां आजी ती कशी सांगेल? त्या "गुडघे दुखतात" म्हणून घरीं परत येतात.

म्हणून आमचें आग्रहाचें सांगणें असें कीं, प्रत्येक रोग्यास डॉक्टरांबरोबर कांहीं मिनिटें एकट्यानें मिळावींत. डॉक्टरांनीं "मी सर्वांशींच जरा एकट्यानं बोलतों" असें म्हटलें कीं कोणासही त्यांत विशेष वाटत नाहीं. घरच्यांनीं तर न सांगतांच उठावें. हा न्याय वयांत येणाऱ्या मुलामुलींसही लागू आहे; लहान मुलाससुद्धां आधीं त्यासच विचारावें आणि बोटानें दाखवावयास सांगावें, मग आईचें ऐकावें. घरच्यांची माहिती निरुपयोगी आहे असें नव्हे. आजोबांची विस्मृति, रात्रींचें घोरणें किंवा एकाएकीं बेशुद्ध पडणें हें घरच्यांनाच ठाऊक असतें. पण त्यांची पाळी दुसरी.

संकोचाचा विषय कसा काढावा यासही रीत आहे. "दारू पितां का?" असें एकदम विचारलें तर भल्या घरचा मनुष्य नाहींच म्हणणार. "औषध ठरविण्यासाठीं हें सर्वांनाच विचारावं लागतं, आणि तें इथंच राहतं" एवढी प्रस्तावना केली म्हणजे प्रश्नाचा डंख जातो. तीच गोष्ट संबोधनाची. विशीबाविशींतला डॉक्टर सत्तरीच्या बाईंस आपुलकीनें "काय ग आजी" म्हणतो. "आजी" अवश्य म्हणावें, परंतु पुढें "तुम्ही" यावें. आणि उभ्यानें, पाठमोरें, किंवा संगणकाच्या पडद्याकडे पाहात विचारलेल्या प्रश्नास उत्तरही तसेंच पाठमोरें येतें.

शेवटीं विचारणारानें ऐकलेलें सर्व रोग्यास थोडक्यांत परत सांगावें: "म्हणजे दोन महिन्यांपासून, चढ चढतांना, छातीच्या मध्यें, आणि थांबल्यावर जातं. असंच ना?" येथें मात्र "ना" चालेल, कारण शब्द आतां रोग्याचे आहेत. त्यांत चूक असेल तर रोगी ती दुरुस्त करतो, आणि आपलें खरोखर ऐकून घेतलें गेलें या समाधानानें औषधही नेमानें घेतो.

गृहस्थांनीं करावयाचें तें थोडकें आहे. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं आदल्या रात्रीं रोग्याजवळ बसावें, "तुला काय होतं?" एवढेंच विचारावें आणि तो बोलेल तें त्याच्याच शब्दांत कागदावर उतरून घ्यावें, आपले शब्द घालूं नयेत. त्याच कागदावर दुखणें केव्हां सुरू झालें, कोणतीं औषधें चालू आहेत, पूर्वीं कोणतीं आजारपणें व शस्त्रक्रिया झाल्या, कोणतें औषध सोसत नाहीं आणि आईबापांस व भावंडांस कोणते मोठे रोग होते, एवढें लिहावें. कागद रोग्याच्या हातीं द्यावा, आपल्या खिशांत ठेवूं नये. दवाखान्यांत त्याच्या शेजारीं नव्हे, तर किंचित् मागें बसावें. आणि डॉक्टरांनीं "काय होतंय?" असें विचारलें कीं, कितीही ठाऊक असलें तरी दीड मिनिट तोंड मिटून राहावें.